घोड्याचा दागिना

गिरगावात अप्पांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एक इराणी वस्तू आहे. हिरवट पडलेलं कांस्य, त्यावर वळलेल्या शिंगांचे दोन बोकड समोरासमोर उभे. तीनेक हजार वर्षांपूर्वी ती कुणाच्या तरी घोड्याच्या लगामाला शोभेसाठी लावलेली होती. अप्पांच्या इराणी मित्राने बेकरी विकून मुलाकडे कॅनडाला जाताना आठवण म्हणून दिलेली.

पण घरात येणारा प्रत्येक जण चपला काढल्या काढल्या तिला हात जोडायचा. अप्पा पक्के नास्तिक. ते चिडायचे. "अहो, देव नाही तो! घोड्याचा साज आहे. आजच्या भाषेत गाडीचा पार्ट!" सून नूपुरने एकदा समोर उदबत्ती लावली, तेव्हा तर जेवण होईस्तोवर लेक्चर चाललं.

दसऱ्याला सकाळी अप्पांनी खाली जाऊन स्कूटर धुतली, तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. ही पूजा नव्हे, यंत्राबद्दलची कृतज्ञता, असं ते दरवर्षी शेजाऱ्यांना बजावतात. वर येऊन बघतात तर काय, शोकेसमधल्या दोन्ही बोकडांच्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात झेंडू!

"नूपुर! कितीदा सांगितलं तुला, देव नाही तो!"

"माहितेय हो अप्पा, गाडीचा पार्ट आहे. म्हणून तर तुमच्या स्कूटरचा उरलेला हार घातला."

मग हातातलं लिंबू पुढे करत तिने विचारलं,



"फक्त हे कुठे ठेवू ते सांगा, याला चाकच सापडत नाहीये."