पहिला थेंब

काचेच्या पात्राला नाक टेकवून कृत्तिका उभी होती. आत गुलाबी द्रवात काजूच्या आकाराचं, लिंबाएवढं मूत्रपिंड तरंगत होतं. ते तिचंच होतं, तिच्या त्वचेच्या पेशींपासून वाढवलेलं.

तिच्या आईला, हेमांगीला, मात्र तिकडे बघवत नव्हतं. लाखात एखाद्याच मुलात आढळणारा जनुकाचा दोष घेऊन कृत्तिका जन्मली होती आणि तिची दोन्ही मूत्रपिंडं वेडीवाकडी होती. पहिल्या खेपेला पात्रात वाढवलेलंही तसंच वाकडं निघालं, कारण पेशी तिच्याच आणि दोषही तोच. तेव्हा डॉक्टर तांबोळीबाईंनी हार न मानता पेशींमधला तो दोषच दुरुस्त केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे नवं मूत्रपिंड काम करतं का, ते आज कळणार होतं.

बाईंनी रक्ताची नळी उघडली. मूत्रपिंड हळूहळू लाल झालं, पण खालच्या नळीच्या टोकाशी काहीच दिसेना. हेमांगी आता पात्राजवळ आली. मग तिथे एक पिवळसर थेंब जमला आणि टपकन खाली पडला.

"आई, त्याला शू झाली!" कृत्तिका ओरडली.

एरवी कडक असणाऱ्या तांबोळीबाई चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. हेमांगीने त्यांचे हात हातात घेतले.

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन," बाई कृत्तिकाला म्हणाल्या. "भीती वाटते का गं?"

"नाही," म्हणत तिने काचेवर तळहात ठेवला आणि त्या मूत्रपिंडाला म्हणाली, "तू पण घाबरू नकोस हं. आत मी आहेच."