पलीकडचं कॉलेज

दोन्ही कॉलेजं महामार्गावर समोरासमोर होती, आणि दीपमाला मधल्या दुभाजकावरच थांबली.

“चल की गं,” कमलबाई म्हणाली. “रस्त्यात काय उभारलीस?”

“आई, तू अलीकडच्या कॉलेजात नाव घाल. मी पलीकडच्यात घालते.”

हैदराबादकडं निघालेला एक ट्रक हॉर्न देत गेला. कमलबाईला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. “काय म्हणलीस?”

दीपमालानं तेच पुन्हा सांगितलं. ह्या वेळी आईकडं न बघता.

माय-लेकी एकाच वर्षी बारावी पास झाल्या होत्या. लेक कॉलेजात जाऊन, आई घरचं सगळं आवरून, बाहेरून परीक्षा देऊन. आता दोघींना बी.ए. करायचं होतं, आणि प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता. उमरग्यातली ही दोन लहान कॉलेजं. दोन्हीकडं तेच विषय, तशीच बसकी पिवळी इमारत, पत्र्याचं तसंच सायकल स्टँड. गावाहून येणारी एसटीसुद्धा एकच. कमलबाईनं घरातून निघताना कुठलं कॉलेज याचा विचारच केला नव्हता. लेक जाईल तिथं जायचं, एवढंच.

कारण सासऱ्यांनी होकार दिला होता तो त्याच बोलीवर. “पोरीच्या सोबतीनं जायचं, पोरीच्या सोबतीनं यायचं, कॉलेजात बी तिच्यासंगंच ऱ्हायचं,” कोंडीराम म्हणाले होते. नवरा ट्रकवर, आज इथं तर उद्या तिथं. घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा.

“आबा काय म्हणलेत, तुला ठावं हाय,” कमलबाई म्हणाली. “येगळं कॉलेज म्हणलं की माझं शिकणं संपलं.”

“ठावं हाय.”

“मग? तिथं मास्तर चांगले हायत का? तुझ्या मैत्रिणी हायत का? काय फरक हाय दोन्हीत, ते तरी सांग.”

“कायच फरक न्हाय,” दीपमाला म्हणाली. “एकात तू असशील, एकात नसशील.”

कमलबाईनं पदर घट्ट धरला. अंगावर वारा टाकत गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या.

“निकाल लागला तवा पेपरवाला आला,” दीपमाला म्हणाली. “फोटो दोघींचा काढला, पण विचारलं सगळं तुला. मार्क बी तुला जास्त. गावात ज्यानं त्यानं पेढा आधी तुझ्या हातावर ठेवला. मला म्हणले, बघ, आईकडून शिक काहीतरी.” तिनं डोळे पुसले. “म्या बी पास झाले होते, आई.”

तेवढ्यात दीपमालाच्या हातातला फोन वाजला. आजोबांचा होता. गाड्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

“झालं का गं काम? दोघी एकाच ठिकाणी ना?” कोंडीरामांनी विचारलं.

दीपमालानं आईकडं पाहिलं. “व्हय आबा. एकाच...”

कमलबाईनं फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“न्हाय मामंजी. येगयेगळ्या कॉलेजात. ती पलीकडं, मी अलीकडं.”

“मग कॉलेजात तुझ्या सोबतीला कोण?”

“कोण न्हाय.”

“असं न्हाय ठरलं आपलं.” आवाज चढला नाही, उलट खाली आला. कोंडीराम चिडले की तसंच बोलायचे. “पोरीचं होऊ दे. तू घरी ये.”

“येते की. माझं बी झालं की येते.”

पलीकडून फोन बंद झाला.

दीपमाला आईच्या तोंडाकडं बघत राहिली. “व्हय म्हणून टाकलं असतं. त्यांना कुठं कळणार होतं?”

“रोज एसटीत बसताना ते खोटं तू बी सांभाळायचं, म्या बी. कशाला?” कमलबाईनं फोन लेकीच्या हातात परत दिला. “जा तू. लाइन वाढत असंल.”

“आन घरी गेल्यावर?”

“घरी गेल्यावर घरचं.”

एवढं बोलून कमलबाई वळली. दोन्ही बाजूंनी मान फिरवत, पदर सावरत, पळतच रस्ता ओलांडून अलीकडच्या कॉलेजाकडं गेली.

दीपमाला पलीकडं येऊन खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिली. तिला हवं होतं तसं, एकटी. पुढच्या मुलीनं मागं वळून तिला न्याहाळलं.

“एकटीच आलीस व्हय?”

“आई हाय संगं. समोरच्या कॉलेजात गेलीय.”

“तिथं कुणी वळखीचं हाय का?”

“न्हाय. ॲडमिशन घ्यायला गेलीय.”

“कुणाची?”

“तिची सोताची. बी.ए.ला.”

आवाज तिच्या मनापेक्षा मोठा निघाला. रांगेतल्या चार-पाच जणींनी वळून पाहिलं. हसलं मात्र कुणी नाही. पुढची मुलगी तर डोळे मोठे करून म्हणाली, “अगं बया! मग तू हिकडं कशी? म्या असते तर आईच्याच शेजारी बसले असते.”

दीपमालानं मान वळवून रस्त्यापलीकडं पाहिलं. ट्रक एकामागं एक चालले होते. दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून समोरचं गेट क्षणभर दिसायचं आणि पुन्हा झाकलं जायचं. गेटापाशी कुणीच नव्हतं. आई आत गेली होती.