साडेदहाचा उपग्रह

युरोपातल्या एका उपग्रह कंपनीचा अमेरिकेतला धंदा वाढवायला निमिष जर्सी सिटीत आला होता. कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन लावला की बाबांचं एकच पालुपद, "येतोस कधी? तोंड तरी दाखव!" एकदा वैतागून त्यानं ठोकून दिलं, "आमचा उपग्रह रोज साडेदहाला घरावरून जातो. गच्चीवर उभे राहा, मला दिसाल." कटकट थांबली आणि निमिष थाप विसरूनही गेला. मे महिन्यात तो गिऱ्हाइकांना उपग्रहानं काढलेला नागपूरचा फोटो दाखवत होता. "यात माणूस काय, घरसुद्धा दिसत नाही, शेतं मात्र झकास!" तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बाबा गेले. ऊन लागलं. रोज साडेदहाला गच्चीवर तुला हात करायचे. चेहरा दिसावा म्हणून टोपीसुद्धा काढायचे." मग ती म्हणाली, "कालचा फोटो पाठव ना. हार घालायला त्यांचा चांगला फोटोच नाहीये."