दोघांची धून

जुन्या जालन्यातल्या हरिओम आणि राधेश्याम या भावांनी मोबाइलवर बघून ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताची गिटार शिकली होती. राधेश्याम ताल धरायचा, हरिओम धून वाजवायचा. गेल्या वर्षी शहागडजवळ राधेश्यामला ट्रकनं उडवलं.

वर्षश्राद्धाला मायला दोघांचं वाजवणं ऐकवायचंच, या हट्टानं हरिओम एकाच गिटारवर दोन्ही वाजवायला शिकला. जाड तारेवर ठोका, मग सगळ्या तारांवर झटका, आणि त्यातच बारीक तारांवर धून.

श्राद्धाच्या दुपारी त्यानं ते रेकॉर्ड करून मायला, उषाबाईंना ऐकवलं. ताल बराबर होता. धून नव्हतीच.

"हे तर राधेश्यामचं हे," माय म्हणाली. "तुझं कुठंय?"

"मोबाइल बिघडला असंल, माय. समोर बस, वाजवून दाखवतो."

बोटात रुतेपर्यंत त्यानं बारीक तार दाबली, छेडली. तार थरथरताना दिसत होती. ऐकू फक्त ताल येत होता.

"तू कव्हा वाजवणार रे?"

"वाजवूनच राह्यलो की, माय!" तो ओरडला.

त्याचं ओरडणं कानावर आलंच नसल्यासारख्या उषाबाई उत्तराची वाट बघत राहिल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "राधेश्याम, हरिओम कुठं गेला रे?"