हिंगणीच्या विहिरीतली उत्तर दिशा

"दगड खोटं बोलत नाही," अशी घोषणा प्राध्यापक दत्तोपंतांनी एकोणीसशे सत्तावन्न साली हिंगणीच्या टेकडीवरून केली, आणि तिथल्याच चार दगडांनी प्रयोगशाळेत चार उत्तर दिशा दाखवल्या. लाव्हा थिजताना दगडातल्या लोहकणांत मुरलेली चुंबकीय उत्तर दिशा एकच निघाली, तरच देशाची जमीन कोट्यवधी वर्षांत फिरल्याचा त्यांचा दावा टिकणार होता. नाहीतर सहकारी हसायला टपलेलेच होते. विहिरी खोदणारा लहानू म्हणाला, "टेकडीवर दरसाल वीज पडते जी. दगडाचं डोकं ठिकाणावर राहीन काय? माह्या विहिरीतले घ्या." दत्तोपंतांनी होकायंत्रानं आजच्या उत्तरेच्या खुणा करून बारा दगड नेले. महिन्यानं ते धावतच परतले. बाराही दगडांची दिशा आजच्या उत्तरेपासून सारखीच ढळली होती! "लहानू, जिंकलो! अख्खा देश फिरलाय!" ते काठावर नाचू लागले. विहिरीतून आवाज आला, "फिरू द्या जी. माती माह्या डोक्यावर पडून राह्यली. जरा तिकडं नाचा."