चौथी धून

आजोबा वारल्यावर नागसेनने बीबी गावातल्या घरी, आजोबांच्याच बाजेवर बसून गिटारचा अल्बम केला. पोस्ट-रॉक नावाचा प्रकार: संथ, हळू, शब्द एकही नाही. त्याची आई चांगुणा रोज भाकरी थापताना तो लावायला सांगायची. पण चौथी धून मध्यावर आली, की पिठाच्या हातानेच डोक्यावर पदर ओढायची.

"माय, पदर काऊन घेऊन राह्यली?" बाजेवर पाय पसरून नागसेनने विचारलं.

"सासरे दारात खाकरले, की घ्याच लागते ना, बापू."

"आबाले जाऊन वर्ष झालं, माय. धून तर आत्ताची हाय."

"हाव. आईक ना मंग."

त्याने धून मागे नेऊन पुन्हा लावली.

मध्यावर, तारांच्या मागे, कोणीतरी दारात खाकरलं.

नागसेनने पाय आवरले आणि बाज मोकळी करून दिली.