लिफ्टमधली पसंती

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा दातांचा डॉक्टर आपल्या दवाखान्याबद्दल सांगत होता. त्याने वाक्य पुरं केलं, जाळीच्या दारापलीकडची कोरी भिंत पाहिली आणि म्हणाला, "थांबली वाटतं."

"थांबली," मिस्त्री म्हणाले. "यंत्रच ते. कधीतरी रुसायचंच."

यंत्र मुळीच रुसलं नव्हतं. मिस्त्रींनीच हात मागे नेऊन जाळीचं दार बोटभर सरकवलं होतं. हे दार जरा जरी उघडं राहिलं तरी आतला खटका सुटतो आणि लिफ्ट आहे तिथे उभी राहते. कुणाचा हातपाय सापडू नये म्हणून केलेली ही सोय मिस्त्री जावई पारखायला वापरत.

आतापर्यंत तिघांची पारख झाली होती. बँकेतल्याने सगळी बटणं एकदम दाबली. तालमीतल्याने दोन्ही हातांनी दार ओढलं. प्राध्यापक मात्र खाली बसून चक्क रडला. "अडचणीत कळतो माणूस," असं म्हणून मिस्त्रींनी तिघांनाही नापास केलं. लेकीने एकदाही हुं की चूं केलं नाही. बापाचा शब्द मोडत नाही पोरगी, म्हणून मिस्त्री खूश होते.

खरं सांगायचं तर त्यांना कुठलाच जावई नको होता. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. लेक त्यांच्याच हाताखाली लिफ्टचं काम शिकली, आता त्यांच्यापेक्षा चार गोष्टी जास्त जाणायची. ती सासरी गेली की संध्याकाळी भांडायचं कुणाशी, हा प्रश्न मिस्त्रींना सुटत नव्हता. पण हे कबूल करणार कोण? त्यापेक्षा मुलं नापास करणं सोपं. त्यात हा डॉक्टर म्हणजे लेकीनेच शोधलेला. दाढ काढायला गेली आणि स्थळ घेऊन आली! आज ती वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तेलपाणी करत होती आणि मिस्त्री पाहुण्याला भेटीसाठी तिकडेच नेत होते.

पाहुणा मांडी घालून खाली बसला.

"काका, बाहेरून कुणी दार उघडलं आणि खाली पडलं तर?"

"छे! लिफ्ट समोर असल्याशिवाय बाहेरचं दार उघडतच नाही. प्रत्येक मजल्याला कुलूप आहे. मी बसवलेलं कुलूप, ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही."

"वा," डॉक्टर म्हणाला. मग मिस्त्रींकडे वळून, "काका, रात्री घोरता का हो तुम्ही?"

"नाही बुवा. का?"

"सहज. आणि भाजीत मीठ कमी पडलं तर?"

"वरून घालून घेतो. आरडाओरडा करायची सवय नाही आपल्याला."

भीतीने बरळतोय बिचारा, असं मिस्त्रींना वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. बटणांना हात नाही, दाराशी झटापट नाही. मिस्त्रींचा नाइलाज झाला. त्यांनी गुपचूप दार पुरतं लावलं आणि बटण दाबलं.

लिफ्ट हलली नाही.

त्यांनी दार उघडून पुन्हा लावलं. खटका नीट बसल्याचा आवाज आला. दिवा चालू, पंखा चालू, पण लिफ्ट ढिम्म.

"कुठल्या तरी मजल्याचं दार उघडं राहिलंय," मिस्त्री पुटपुटले.

"पण तुमची कुलपं..."

"कुलपं गेली खड्ड्यात! अहो, कोण आहे तिकडे? दार लावा! दार लावा हो!"

मिस्त्रींनी सगळी बटणं एकदम दाबली. मग दोन्ही हातांनी दार ओढलं. मग भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले. जन्म लिफ्टमध्ये गेला, पण आजवर ते अडकले नव्हते. अडकलेल्यांना बाहेरून धीर देणं निराळं.

डॉक्टरने त्यांचा हात हातात घेतला. "नाकानं श्वास घ्या. हं. काही दुखणार नाही."

"पोरगी गेली तर मी एकटा काय करू हो?" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरने दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी लिहिलं. "वर कळवतो," म्हणाला.

लिफ्ट हलली.

शेवटच्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर लेक फडक्याला हात पुसत उभी. मिस्त्रींनी शर्ट सारखा केला, घाम पुसला, घसा खाकरला. आज जीव वाचला होता आणि मन एकदम मोठं झालं होतं.

"पोरी, मुलगा पास," ते म्हणाले. "सोनं आहे सोनं. मला पसंत आहे. सुखानं जा."

लेकीने मान हलवली आणि त्यांच्या खांद्यावरून डॉक्टरकडे पाहिलं.

"मी वरून मशीनचा स्विच पाडल्यावर किती वेळ दम धरला यांनी?"

"फार नाही. ओरडतात बरंच. पण हात धरला की निवळतात."

"मग काय ठरलं तुझं? येणार आमच्याकडे राहायला?"

डॉक्टरने मिस्त्रींना आपादमस्तक न्याहाळलं.

"सासरे पसंत आहेत," तो म्हणाला.